पहिल्याच हाकेला ओ

सई आणि ओजस,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ओजसने विचारलं, "आजी, पायलटला सगळ्यात जास्त पगार कुठली एअरलाइन देते?" त्याला विमान चालवण्याच्या शाळेत प्रवेश मिळाला म्हणून घरात सगळे आनंदात होते. मी हसले आणि पेढे वाटले का, असं काहीतरी विचारलं. सई मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, तू उत्तर दिलं नाहीस."

दिलं नाही, कारण माझी सगळी नोकरी या एका प्रश्नाच्या आसपास गेली आणि त्याचं उत्तर एका कॉलमध्ये मावत नाही. त्यात जुन्नरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असा लकडा लावला आहे. एक काम दोनदा करणं मला आवडत नाही, म्हणून तुमच्यासाठी लिहिते आहे आणि त्याचीच प्रत अंकाला देते आहे. तुम्ही सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, पण तिला आधी वाचायला देऊ नका. ती ओजसला विमानाच्या शाळेत पाठवणारच नाही.

मी विमान कंपनीत आहे असं राजुरीला माहेरी कळलं तेव्हा गावातल्या बायकांना वाटलं, मी विमानात चहा देते. मी सगळ्या नोकरीत विमानात फार थोड्या वेळा बसले. माझं काम जमिनीवर, बंद खोलीत, लांब टेबलाच्या टोकाला होतं. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे लोक, दुसऱ्या बाजूला पायलटांच्या संघटनेचे लोक, आणि टोकाला मी. पायलट आणि कंपनी यांच्यातला करार दर काही वर्षांनी संपतो आणि नवा करायचा असतो. त्या बोलण्यांची नोंद ठेवणं हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पगाराची बोलणी म्हणजे भाजीबाजार. तसं नसतं. विमान कर्ज काढून आणता येतं, त्यात पुढे बसणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. त्यामुळे नवी कंपनी निघाली, तिने विमानं मागवली, की ती पहिल्यांदा दुसऱ्यांच्या पायलटांना फोन करते. पगार जास्त, घर जास्त चांगलं, कॅप्टनची पट्टी लवकर. आमच्या कचेरीत "त्याला फोन आला" एवढंच म्हणत. कुणाचा, ते विचारायचं नाही. फोन आलेला माणूस ओळखू यायचा. तो समोर बसलेला असायचा, पण त्याच्याशी बोलताना रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटायचं.

माझी नोंद ठेवण्याची एक रीत होती. टेबलावर जे मोठ्याने बोललं गेलं तेवढंच मी लिहायचे. लिहिलं की वाचून दाखवायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात कुणी "हरकत" म्हणालं तर कलम पुन्हा चर्चेला. कुणी काही बोललं नाही तर कलम पक्कं, मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी बदलायचं नाही. दोन्ही बाजूंचा माझ्यावर विश्वास होता तो या रीतीमुळे. मला तिचा अभिमान होता. अजून आहे, पण थोडा कमी.

आता एका दिवसाबद्दल सांगते. त्या दिवसातूनच कलम अकरा निघालं, आणि या सगळ्या लिहिण्याचा विषय ते कलम आहे.

बोलणी फिसकटली होती. पायलटांना संप करायचा नव्हता, म्हणून एका सकाळी सगळे एकदम आजारी पडले. मी कचेरीत शिरले तेव्हा पायलटांच्या खोलीतले सगळे फोन वाजत होते आणि उचलायला कुणी नव्हतं. कॉफीचं यंत्र चालू होतं. खिडकीतून ओळीने उभी विमानं दिसत होती. जिने लावलेले, दारं उघडी. इतक्या मोठ्या वस्तू इतक्या गप्प उभ्या असलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

कंपनीने मला डॉक्टरांबरोबर घरोघरी पाठवलं, कोण खरंच आजारी आहे ते बघायला. पायलटांची वसाहत भर दुपारी कुणी उचलून नेल्यासारखी होती. पडदे ओढलेले. बेल वाजवली की आत पावलं यायची, दारापाशी थांबायची आणि परत जायची. एकाच घराचं दार उघडलं, कॅप्टन इनामदारांचं.

रफिक इनामदार आपल्या जुन्नरचे. त्यांच्या वडिलांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं. कचेरीत ते इंग्रजीत बोलत, पण मी राजुरीची आहे हे कळल्यापासून माझ्याशी गावचं बोलत. त्या दुपारी ते हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, पूर्ण गणवेशात, टोपी मांडीवर. समोर भिंत होती आणि ते भिंतीकडे बघत होते. त्यांच्या बायको म्हणाल्या, "पहाटे आल्यापासून असेच आहेत."

"कॅप्टन, ताप आहे का?" मी विचारलं.

"न्हाई, ताई."

"मग काय लिहू?"

"थकलोय असं लिवा."

"तसं लिहायची सोय नाही."

"तेच म्हणतोय मी. खोकल्याला सोय हाय, जुलाबाला हाय. झोपंला न्हाई. खोकत खोकत इमान उतरवता येतं, ताई. झोपंत न्हाई येत."

डॉक्टर हसले. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरची नजर काढली नव्हती.

पुढच्या बोलण्यांमध्ये त्यांनी एकच गोष्ट लावून धरली. पायलट 'मी थकलो आहे' म्हणाला, की तेवढं पुरे. त्याला 'का?' असं विचारायचं नाही, पुरावा मागायचा नाही, पगार कापायचा नाही, त्या दिवशी त्याला विमानात बसवायचं नाही. सरकारी नियमांप्रमाणे किमान विश्रांती द्यावीच लागते, हे त्याच्या वरचं होतं. कंपनीने नाक मुरडलं आणि मान्य केलं. मी ते लिहिलं, वाचून दाखवलं, थांबले. कुणी हरकत घेतली नाही. ते कलम अकरा.

मी निवृत्त होऊन जुन्नरला राहायला आले. काही वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात कॅप्टन इनामदारांचा फोन आला आणि तासाभरात कंपनीच्या बाजूने बोलणी करणाऱ्या सबनीसांचाही. दोघांना एकच हवं होतं. करार संपला होता. बाजारात नवी कंपनी आली होती आणि ती आमच्या पायलटांना असे आकडे सांगत होती की आमच्या लोकांना ते खरेच वाटेनात. मुंबईत बोलणी सुरू केली की संध्याकाळी टीव्हीवर यायची आणि सकाळी नव्या कंपनीचा आकडा वाढलेला असायचा. म्हणून कुठेतरी लांब, जिथे फोन लागत नाही अशा ठिकाणी बसायचं आणि टोकाला मी हवी.

माझ्या भाच्याने तळेघरच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेवर, पाहुण्यांसाठी घर बांधलं आहे. खाली भाताची खाचरं, वर हिरड्याची झाडं. एसटी येते म्हणतात, मी पाहिली ती जातानाच. भाद्रपदात तिथे कुणी येत नाही, कारण धुकं उठत नाही. मी म्हटलं, इथे या.

कंपनीकडून सबनीस आणि त्यांचा एक हिशेबनीस. पायलटांकडून चौघं: कॅप्टन इनामदार, आणखी दोन कॅप्टन, आणि तेजल नावाची एक सहवैमानिक. ती पट्टीची हुशार होती, कमी बोलायची. स्वयंपाकाला गावातल्या कमळाबाई.

सबनीसांचं म्हणणं पहिल्याच बैठकीत स्पष्ट झालं. नव्या कंपनीइतका पगार द्यायला ते तयार होते. त्याबदल्यात कलम अकरा काढून टाकायचं. "नव्या कंपनीत असलं काही नाही, म्हणून त्यांना परवडतं," ते म्हणाले. "मलाही तेच करावं लागेल, नाहीतर वर्षभरात माझ्याकडे पायलटच उरणार नाहीत." ते दुष्ट नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती.

"झोप इकत न्हाई आमी," कॅप्टन म्हणाले.

बाकीचे दोन कॅप्टन काही बोलले नाहीत. मला ते खटकलं.

त्या घरात फोन लागत नव्हता, पण मागच्या टेपाडावर एका काळ्या दगडापाशी लागायचा. चहाच्या सुट्टीत प्रत्येकजण तिकडे जायचा. खिडकीतून मला दिसायचं. आधी पूर्ण माणूस, मग कमरेपासून वरचा, मग नुसते खांदे, मग धुकं. थोड्या वेळाने धुक्यातून बोलणं ऐकू यायचं. शब्द कळत नसत, आणि आवाज त्या माणसाचा वाटत नसे. मग तो परत यायचा आणि समोर बसायचा, आणि माझ्या मनात यायचं, याला फोन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कॅप्टन टेपाडावर गेले ते परत आलेच नाहीत. आम्ही वाट पाहिली. मग त्यांची खोली पाहिली तर बॅग नव्हती. गाडीचा आवाज कुणी ऐकला नव्हता. दुसरे कॅप्टन जेवणानंतर म्हणाले, "मी त्यांना बघून येतो," आणि तेही आले नाहीत. त्यांचा अर्धा चहा टेबलावर तसाच होता, वर साय धरलेली.

कमळाबाईंनी कप उचलला आणि म्हणाल्या, "गेले जनू. चकवा लागला."

सबनीसांनी विचारलं, "चकवा म्हणजे?"

"धुक्यात हाक येती, साहेब. वळखीच्या आवाजात येती. मानूस जातो तिच्या मागं, आन मग रानातच फिरत ऱ्हातो. आमी पयल्या हाकंला ओ देत न्हाई. दुसरीला न्हाई. तिसरी यायची वाट बघायची. खरं मानूस आसंल तर तीनदा हाक मारतंच."

"मंग आमचं अवघड हाय," कॅप्टन इनामदार म्हणाले. "आमच्या धंद्यात पयल्याच हाकंला ओ द्यायला लागती. खालून जे सांगितलं ते तसंच्या तसं परत बोलून दाखवायचं. न्हाई बोललं तर खालच्याला वाटतं, इमान गेलं."

"आन बोललं म्हंजी ऐकलं का?" कमळाबाई म्हणाल्या. "माझा दादला बी परत बोलून दावायचा. मीठ आन म्हनलं की मीठ म्हनायचा. आनायचा न्हाई."

तेजल मोठ्याने हसली. त्या घरात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

ही सवय तुला, ओजस, पहिल्या आठवड्यात लावतील. नियंत्रण कक्षातून सांगितलेली उंची, दिशा, वेग, सगळं शब्दाला शब्द परत म्हणायचं आणि शेवटी आपल्या विमानाचा क्रमांक सांगायचा. चूक झाली तर खालच्याला लगेच कळावं म्हणून. जन्मभर ते केलेल्या माणसाला दुसऱ्यासारखं ऐकताच येत नाही. घरी बायकोने दळण सांगितलं तरी तो परत म्हणतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना कॅप्टनांनी एक गोष्ट सांगितली. सकाळची वेळ होती, रात्रभराचं उड्डाण संपत आलं होतं. खाली पांढरे ढग, वर निळं आकाश. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग शेजारच्या सहवैमानिकाकडे पाहिलं. त्याची मान छातीवर. ते त्याला हाक मारणार एवढ्यात पुन्हा घड्याळ दिसलं आणि ते खूप पुढे गेलेलं होतं. ढग तेच, आकाश तेच. "मधे मी कुठं व्हतो, ताई? इमान सरळ चाललं व्हतं. मागं सगळी मानसं बसलेली. आन पुढं कुनीच न्हाई."

सबनीसांनी हातातली भाकरी खाली ठेवली. पण दुपारच्या बैठकीत कलम अकरा त्यांनी सोडलं नाही.

मग एक दिवस बोलणी थांबली, कारण कॅप्टनांची ड्यूटी होती. बोलणी आहेत म्हणून विमान थांबत नाही. ते मंचरवरून मुंबईला गेले, रात्रभर उडाले, आणि सकाळी गाडी करून घोडेगावमार्गे वर आले. बैठक ठरल्याप्रमाणे सुरू झाली. ते दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसले होते. मी विचारलं, "थोडं पडायचं का?" ते म्हणाले, "न्हाई. पुढं चला." त्याच संध्याकाळी सबनीसांना कंपनीला उत्तर कळवायचं होतं.

धुकं त्या दिवशी घरात आलं होतं. खिडक्या लावूनही टेबलावर ओल होती, माझा कागद लिहिताना फुगत होता. समोरचं माणूस दिसायचं, पण कडा नसलेलं. कौलांवरून थेंब पडत होते आणि बाकी काही नाही.

काम भरभर चाललं होतं. गणवेश, हॉटेल, विमानतळावर ने-आण, प्रशिक्षणाचे दिवस. सबनीस कलम वाचायचे, कॅप्टन ते शब्दाला शब्द परत म्हणायचे, मी लिहायचे, वाचायचे, थांबायचे. हरकत नाही. पुढचं. इतकं सुरळीत काम मी कधी केलं नव्हतं. मनात म्हटलं, थकल्यावर माणूस शहाणा होतो.

तेजल शेजारी बसली होती. सकाळी ती टेपाडावर जाऊन आली होती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटत होता, म्हणजे तो फोन आलेल्या माणसाचा होता. मी तिला दोष दिला नाही. तिच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं आणि नवी कंपनी तिला कॅप्टनची पट्टी देत होती.

सबनीसांनी पुढचं पान उलटलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "कलम अकरा रद्द. त्याबदल्यात वाढीव दर. पुढच्या महिन्यापासून."

मला वाटलं, आता कॅप्टन टेबलावर हात आपटतील.

"कलम अकरा रद्द," कॅप्टन म्हणाले. "वाढीव दर. पुढच्या महिन्यापासून."

आवाज शांत होता, अगदी सपाट. डोळे उघडे होते आणि ते सबनीसांच्या खांद्यावरून मागे, खिडकीकडे बघत होते. खिडकीत पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

सबनीसांचा श्वास सुटला. हिशेबनीसाने त्यांच्याकडे पाहिलं. "ताई," सबनीस म्हणाले, "लिहून घ्या."

माझा हात उठला नाही. मी म्हटलं, "कॅप्टन?"

"तुमचीच रीत आहे," सबनीस म्हणाले. ते रागावले नव्हते, ते जवळजवळ विनवत होते. "मोठ्याने बोललं गेलं. लिहा आणि वाचा. हरकत असेल तर ते घेतील."

बरोबर होतं त्यांचं. मी लिहिलं. मग वाचून दाखवलं, नेहमीपेक्षा सावकाश: "कलम अकरा रद्द. त्याबदल्यात वाढीव दर. पुढच्या महिन्यापासून."

आणि थांबले.

कॅप्टन इनामदारांनी ते पुन्हा म्हटलं. तोच आवाज, तेच शब्द, त्याच अंतरावर. आणि शेवटी ते म्हणाले, "फोर वन सेव्हन."

तो त्यांच्या विमानाचा क्रमांक होता.

थेंब पडत होते. मग कॅप्टनांनी डोकं किंचित कलतं केलं, कानात कुणीतरी बोलतंय असं, आणि इंग्रजीत म्हणाले, "डिसेंडिंग थ्री थाउजंड. फोर वन सेव्हन." त्यांचा उजवा हात टेबलावरून पुढे सरकला आणि हवेत काहीतरी धरून अलगद मागे ओढू लागला. चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळ्यांची उघडझाप होत नव्हती.

ते खाली येत होते. ओजस, मला दुसरे शब्द सापडत नाहीत. टेबल, आम्ही, चहाचे कप, सगळं घेऊन ते त्या धुक्यातून खाली येत होते. हिशेबनीसाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मी हाक मारणार होते, पण मनात आलं, जागे झाले आणि काही पडलं तर? असा वेडा विचार मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही.

तेजलने आपली खुर्ची त्यांच्या जवळ ओढली. त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता, ते बघत होते त्याच बाजूला बघत, तिने हात पुढे केला आणि हळू पण स्पष्ट म्हटलं, "आय हॅव कंट्रोल."

कॉकपिटमध्ये विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा हे म्हणायचं असतं. दुसऱ्याने उत्तर दिल्याशिवाय ते जात नाही.

कॅप्टनांचा हात हवेत तसाच मागे येत होता.

"आय हॅव कंट्रोल, सर," ती पुन्हा म्हणाली.

"यू हॅव कंट्रोल," कॅप्टन म्हणाले. हात मांडीवर पडला, डोळे मिटले आणि मान छातीवर आली. मग त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू आला, लहान मुलासारखा खोल.

तेजलने आपला हात तसाच पुढे ठेवला होता. तिने तो खाली घेतला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हरकत."

मी लिहिलेल्यावर काट मारली.

सबनीस बराच वेळ कॅप्टनांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

मी सकाळपासूनची पानं मागे उलटली. गणवेशापाशी ते जागे होते का? हॉटेलपाशी? प्रत्येक ठिकाणी त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. कुठल्याही शब्दावर बोट ठेवून मला म्हणता येईना की इथे ते होते आणि इथे नव्हते. सबनीस म्हणाले, "आपण सकाळभर कुणाशी बोलत होतो, ताई?" आणि त्यांनी कॉलरचं बटण सोडलं.

मी सकाळच्या सगळ्या पानांवर काट मारली. एकही ठेवलं नाही.

कमळाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन कॅप्टनांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि सबनीसांना म्हणाल्या, "साहेब, झोपलेल्या मानसाकडनं आमच्यात पानी बी मागून घेत न्हाईत." सबनीस उठून बाहेर गेले. ते टेपाडावर गेले. या वेळी मला वाटलं, हेही परत यायचे नाहीत. पण ते आले, केस ओले, आणि खुर्चीत बसून म्हणाले, "कलम राहील. पण मग दर मला नव्या कंपनीइतका देता येणार नाही. त्याच्या निम्मी वाढ. लोक सोडून जातील आणि त्याचा ठपका माझ्यावर येईल. लिहा."

तेजलने ते शब्दाला शब्द परत म्हटलं नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, "मान्य."

कॅप्टन दुपार उतरल्यावर जागे झाले. त्यांनी घोंगडीकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे. "ताई, कुठवर आलो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लपवायची रीत माझ्यात नाही. ते ऐकत होते आणि मध्येच उजव्या हाताकडे बघत होते, दुसऱ्याचा असल्यासारखा. "आन मी काल रातभर उडालो," ते म्हणाले. "मागं मानसं बसली व्हती." मग त्यांनी माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि कंपनीला दोन शब्द लिहून दिले, की मी थकलो आहे. इतकी वर्षं ते कलम त्यांनी दुसऱ्यांसाठी राखलं होतं, स्वतः कधी वापरलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढे त्यांना पुन्हा उडू दिलं नाही. तेजलला त्यांनी निघताना विचारलं, "नीट उतरवलंस का गं?" ती म्हणाली, "हो सर."

सगळं चांगलं झालं असं मी लिहिणार नाही. सबनीस म्हणाले तसं झालं. टेपाडावरून गेलेले ते दोन कॅप्टन तर आधीच नव्या कंपनीत होते, आणि निम्म्या वाढीवर आणखी बरेच लोक सोडून गेले. तेजलही वर्षाने गेली. जाण्याआधी तिने मला फोन केला होता, मी थांब म्हणेन या आशेने असेल. मी म्हटलं नाही. कर्ज तिचं होतं. त्याची मला रुखरुख आहे, कारण नव्या कंपनीत ती थकली तर तिच्या हातातलं विमान घ्यायला शेजारी कुणी जागं असेल की नाही, ते मला कळायला मार्ग नाही. धुक्याच्या दिवसांत जुन्नरवरून विमान गेलं, दिसत नाही, नुसता आवाज जातो, तेव्हा मी हातातलं काम ठेवते आणि तो आवाज पुरता जाईपर्यंत उभी राहते. शेजारणीला वाटतं, मी देवाचं काही म्हणते आहे.

ओजस, जास्त पगार कोण देतं ते आजच्या आज फोनवर कळेल आणि उद्या बदलेल. तू विचारशील ते हे विचार, की तुझी कंपनी 'मी थकलो आहे' एवढ्यावर थांबते का. बाकी तुझं तू ठरव.

कॅप्टन इनामदार जुन्नरला असतात, भांड्यांच्या दुकानात बसतात, गिऱ्हाइकाने मागितलेलं अजून परत बोलून दाखवतात. सबनीस कुठे आहेत मला माहीत नाही. आमची कंपनी दुसरीत गेली, तिचं नाव आणि विमानांचा रंग बदलला. नव्या करारात कलमांचे क्रमांकही बदलले, पण आमचं जुनं अकरावं कलम एकही शब्द न बदलता त्यात आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून निघणारं त्यांचं एक विमान उशिरा सुटलं, कारण पायलटने सांगितलं की तो थकला आहे, आणि कुणी त्याला 'का?' असं विचारलं नाही.

तुमची,
आजी